मनगटाची पकड

"दुखलं तं दुखू द्या सर, सुटलं नाई पायजे."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं उजवं मनगट त्याच्या मुठीत होतं आणि माझ्या डोळ्यांत पाणी होतं. आमच्या नागपूरच्या चित्रकला महाविद्यालयात लाइफ क्लाससाठी, म्हणजे समोर माणूस उभा करून त्याचं चित्र काढायच्या तासासाठी, नवा मॉडेल आला होता. मी तिथला शिक्षक. चारचौघांसारखा हात पुढे केला. त्यानं तो हात सोडून मागचं मनगट धरलं, आणि असं धरलं की दुसऱ्या दिवशी बायकोनं विचारलं, "मारामारी करून आलात का कुठे?" चार बोटांचे चार निळे वळ होते आणि पाचवा अंगठ्याचा. चित्रकाराचा उजवा हात होता हो तो! आठवडाभर ब्रश धरताना मी त्याच्या नावानं बोटं मोडत होतो.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्या जवळ गेलं की काहीतरी दुखतंच. आमचा हा तसा. पंधरा वर्षं तो सर्कशीत झेलणारा होता. तंबूच्या आढ्याशी झुल्याला गुडघ्यांनी उलटं लटकायचं आणि समोरून उडत येणाऱ्याला हवेत पकडायचं, हे त्याचं काम. नाव मी लिहीत नाही. आमच्याकडे सगळे त्याला 'कॅचर' म्हणत आणि त्यालाही तेच आवडे.

बुटका माणूस, पण खांदे इतके रुंद की आमच्या सामानाच्या खोलीत तिरपा होऊन शिरे. सक्करदऱ्याला तळ्याजवळ टिनाच्या छताची खोली होती, तिथून चालत येई. खिशात खडूच्या पुडीची पुरचुंडी. काहीही हातात घ्यायच्या आधी तो दोन्ही हातांना ती पूड चोळायचा. झाडूलाही, चहाच्या कपालाही. कँटीनवाला एकदा गमतीनं म्हणाला, "अबे, कप आहे तो. पोट्टी नोय, पडून मराले." त्यानं तो कप चहासकट कँटीनवाल्याच्या कपाळावर फोडला. तीन टाके पडले. माथेफिरू आहे झालं, असं मी समजलो आणि पुढचा चहा मागवला.

त्या वर्षांत, सत्तरच्या आगेमागे, आम्हा चित्रकारांना सर्कशीचा ताप चढला होता. ज्याच्या त्याच्या कॅनव्हासवर विदूषक. विदूषक म्हणजे वरून हसू आणि आतून दुःख, तारेवरची बाई म्हणजे मध्यमवर्ग, आणि पिंजऱ्यातला वाघ म्हणजे काय ते ज्याचं त्यानं ठरवावं. मीही वीसबावीस चित्रं काढली होती. खरी सर्कस मात्र लहानपणी एकदाच पाहिलेली, तीही झोप लागल्यामुळे अर्धी.

माझ्या रडक्या विदूषकासमोर तो एकदा बराच वेळ उभा राहिला.

"सर, हा काहून रडून राहिला?"

"ते आपण सगळेच आहोत रे. प्रतीक आहे ते. एक दाखवायचं, दुसरं समजायचं."

"आमचा जोकर तं एक नंबरचा मारकुटा होता. सगळ्यायले बेल्टानं हानत होता." मग तारेवरच्या बाईकडे बोट दाखवून म्हणाला, "हिचं नाव काय?"

"प्रतीकाला कसलं नाव?"

"नाव नसन, तं पडल्यावर हाका कशा मारसान तिले?"

मी पोट धरून हसलो. पुढे कित्येक महिने चहाच्या टेबलावर मी हा किस्सा सांगत होतो, आणि लोकही हसत होते.

आता त्याच्या हाताचा एक प्रसंग सांगतो, म्हणजे हे हसू किती उथळ होतं ते कळेल. लाइफ क्लासच्या खोलीत उंचावर झरोका होता. त्याच्या पडद्याची दोरी अडकली म्हणून दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी टेबलावर खुर्ची ठेवून चढली. उतरताना खुर्ची डगमगली. खाली उभ्या असलेल्या एका पोरानं मोठ्या अदबीनं बोटं पुढे केली. तिनं ती धरली, आणि ती सुटली. मॉडेलच्या चौथऱ्यावरून हा कधी झेपावला ते कोणालाच कळलं नाही. तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटणार, तेवढ्यात त्यानं तिचं मनगट पकडून तिला वर खेचलं. पोरगी वाचली, मनगटाचा सांधा मात्र निखळला. तिच्या किंकाळीनं शेजारचा वर्ग धावत आला. तोवर यानं तिला खाली बसवून त्या अदबशीर पोराच्या कानफटात ठेवून दिल्या होत्या. एक नाही, तीन. पोराचा ओठ फाटला.

"हळू धरून राहिला! अबे, माणूस होय का फूल होय ते? हळू धरते!"

मुलीचे वडील प्राचार्यांच्या खोलीत आरडाओरडा करायला आले, तेव्हाही हा भिंतीला टेकून आपलं एकच वाक्य म्हणत राहिला. दुखलं तं दुखू द्या. त्याची नोकरी जाणार होती, मी रदबदली करून वाचवली. दयेपोटी नव्हे. अशी पाठ आणि असे खांदे काढायला मला नागपुरात दुसरीकडे कुठे मिळणार होते?

आणखी एक गोष्ट मी पाहून न पाहिल्यासारखी केली. कँटीनच्या मागे जुनी विहीर होती. तिच्या दगडी काठावर तो कधीकधी आपला उजवा तळहात आपटत असे. रागारागानं नव्हे, धोबी कपडे आपटतो तसा, एका लयीत, सालटं निघून रक्त येईपर्यंत. मग त्यावर खडूची पूड चोळून वर्गात यायचा आणि चौथऱ्यावर उभा राहायचा. आम्ही तो हात काढत असू. त्वचेखालचा लाल कसा दाखवावा हे मी पोरांना त्याच हातावरून शिकवलं.

कस्तुरचंद पार्कवर सर्कस आली तेव्हा तोच म्हणाला, "सर, एकदा खरं पाहून घ्या. मंग काढा काय काढाचं ते."

दुपारच्या खेळाला गेलो. झुलेवाले वर चढले. सगळा तंबू माना वर करून बघत होता आणि हा एकटा खाली बघत होता. "जाळी पाहा. डाव्या कोपऱ्याले ढिली आहे." मला काहीच दिसेना. पहिली उडी झाली, टाळ्या पडल्या, आणि हा बाकं ओलांडत थेट रिंगणात उतरला. "खेळ बंद करा! आधी जाळी बांधा! कोणाची पोट्टी आहे ते वर?" रिंगमास्तरनं त्याला बाहेर जायला सांगितलं. यानं रिंगमास्तरच्या नाकावर ठोसा मारला. मग तंबूचे चार गडी खुंट्या ठोकायच्या मोगऱ्या घेऊन आले आणि त्यांनी त्याला भुशात पाडून बदडलं. लोकांना वाटलं हाही खेळातलाच भाग. लोक शिट्या वाजवत होते. मी जागचा हललो नाही, हे सांगून टाकलेलं बरं. त्याला फरफटत बाहेर नेताना मी वर पाहिलं, तर झुले थांबले होते आणि एक माणूस जाळीचा डावा कोपरा ओढून बांधत होता.

बाहेर उसाच्या रसाच्या गाडीजवळ तो बसला. भुवई फाटून एक डोळा रक्तानं बंद झाला होता. मी रुमाल दिला. तो जखमेला न लावता त्यानं मुठीत आवळला आणि बोलायला लागला. इतकं सलग तो त्याआधी कधी बोलला नव्हता आणि नंतरही नाही.

पारशिवनीच्या पुढच्या एका खेड्यातली मुलगी होती ती, त्याच्याच गावची. झाडांवर सरसर चढायची, म्हणून यानंच तिच्या आईशी बोलून तिला सर्कशीत आणलं. ती उडायची, हा झेलायचा. सहा वर्षं.

"बायको नोय, बहीण नोय. पण सर, दिवसातून तीन खेपा तिचा जीव माह्या हातात येत होता, अन् तीन खेपा मी वापस देत होतो."

झेलणारा मनगट धरतो, हात कधीच धरत नाही. हाताला घाम असतो, बोटं निसटतात. मनगटात मनगट अडकतं. पण रोजच्या त्या पकडीनं तिची मनगटं सोलून निघाली होती. त्या दिवशी वर चढताना ती म्हणाली, "भाऊ, आज हळू धरजो."

"म्या हळू धरलं सर. मनगट सोडून हात धरला. दया केली म्या तिच्यावर. दयेनं मेली ते. जाळीच्या बाहेर पडली."

तिचं नाव मी विचारलं नाही. त्यानंच सांगितलं, दोनदा सांगितलं.

"तिच्या मायले अजून तोंड दाखवलं नाई म्या. पारशिवनीची गाडी सुटते ना, त्या बाजूनं जातसुद्धा नाई." मग त्यानं माझं मनगट धरलं, नेहमीसारखंच. "सर, मले काढा. माहे हात काढा, थोबाड काढा, उलटा टांगून काढा. तिले पडताना काढू नोका. तंबूभर लोकायनं पाह्यलं तिले पडताना. आता आणखी कोणी पाहू नये. वचन द्या."

मी दिलं. मनगट त्याच्या मुठीत असताना दुसरं काय करणार, असं म्हणून मी सुटू शकेन. पण त्या घटकेला मी ते मनापासून दिलं होतं.

तीन महिन्यांनी मी तेच चित्र काढलं.

का काढलं, याला माझ्याकडे सबबी ढीगभर होत्या. ही ती मुलगी नव्हेच, असं मी स्वतःला सांगितलं. चेहरा माझ्या एका विद्यार्थिनीचा घेतला होता. हे तर माणसाच्या एकटेपणाचं प्रतीक, सुटत चाललेल्या काळाचं प्रतीक. वर अंधारात झेलणाऱ्याचे उघडे पंजे, खाली दोन्ही हात वर केलेली, पाठीवर पडणारी मुलगी, आणि मधे वीतभर रिकामी हवा. खरं कारण एवढंच की चित्र चांगलं होत होतं. वीसबावीस विदूषक रंगवून जे साधलं नव्हतं ते पहिल्यांदा साधत होतं, आणि वचनासाठी ते सोडायची माझी ऐपत नव्हती. पाटी लिहिताना तिचं नाव आठवून पाहिलं. आठवलं नाही. 'पतन' असं लिहिलं.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला मुंबईहून पाहुणे आले होते. मॉडेलांना बोलावायची पद्धत नव्हती, पण तो आला. धुतलेला पांढरा सदरा, आणि हातात झेंडूचा हार. तो हार माझ्यासाठी होता. गर्दीतून वाट काढत तो माझ्याकडेच येत होता आणि मधे ते चित्र आलं.

तो थांबला. हार त्यानं खुर्चीवर ठेवला. खिशातली पुरचुंडी काढली आणि दोन्ही हातांना सावकाश पूड चोळली. मला कळलं. मी पाहुण्यांशी बोलत राहिलो. फीत कापलेली कात्री तबकात तशीच पडली होती. ती त्यानं उचलली आणि कॅनव्हासमध्ये भोसकली. बायका ओरडल्या. मला वाटलं, आता तो चित्राच्या चिंध्या करणार. तसं नाही केलं त्यानं. मुलीच्या कडेकडेनं, बोट न् बोट सांभाळत, तो तिला कापून काढत होता. केसांपाशी कात्री अडली तर थांबून पुन्हा नीट लावत होता. पाठीमागून पहिला तडाखा बसला तेव्हा तिचा एक पाय तेवढा राहिला होता. तोही त्यानं काढून घेतला, तिची गुंडाळी केली आणि मगच वळला.

मारणारे आमचेच विद्यार्थी होते, आणि एक चौकीदार. कॅनव्हास ताणायच्या लाकडी पट्ट्या कोपऱ्यात रचलेल्या होत्या, त्या त्यांनी घेतल्या. सगळ्यांच्या पुढे तो ओठ फाटलेला पोरगा होता. मी ओरडलो. 'सोडा त्याला' असं ओरडायचं होतं मला. तोंडातून निघालं, "चित्र सांभाळा!"

चित्र त्याच्या उजव्या मुठीत होतं. म्हणून पोरांनी मुठीवर मारलं. एकदा, दोनदा, मग मोजणं सुटलं. मनगटाचं हाड मोडलं तो आवाज माझ्यापर्यंत आला. मूठ उघडली नाही. शेवटी पट्टीच मोडली आणि पोरं दमून मागे सरली. त्यानं गुंडाळी डाव्या हातात घेतली. उजवा पंजा मनगटापासून भलत्याच दिशेला लोंबत होता. दाराशी माझ्यासमोर येऊन तो उभा राहिला. तोंडात रक्त होतं, त्यामुळे शब्द नीट येत नव्हते.

"तिचं नाव सांगा सर."

मला येत नव्हतं, हे त्याला दिसलं.

तो निघून गेला. मी पोलिसांत गेलो नाही म्हणून लोकांनी माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. एका पाहुण्यानं ते भोक पडलेलं चित्र लांबून न्याहाळलं आणि आता प्रतीक अधिक बोलकं झालं आहे, असं मत दिलं. त्याच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं. पण हे असलं करायला लागतो तो हात माझ्याकडे नव्हता.

पंधरा दिवसांनी सक्करदऱ्याला गेलो तर खोलीला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, "ते तं पारशिवनीच्या गाडीनं गेले जी. हात गळ्यात बांधला होता अन् बगलेत कापडाची गुंडाळी होती."

पारशिवनी काही परदेशात नाही. तरी तिथे जायला मला दोन वर्षं लागली.

सर्कशीतल्या पोरीचं घर असं विचारत विचारत त्या खेड्यात पोचलो. म्हातारी ओट्यावर सुपात तूर निवडत होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, दाणे बोटांनीच ओळखत होती. नागपूरहून आलो, असं सांगून मी त्याचं नाव घेतलं.

"गेला बाप्पा तो. मागच्या थंडीत. तापानं गेला." तिनं हात न थांबवता सांगितलं. मोडका हात घेऊन आला, म्हणाली, अन् याच ओट्यावर राहिला. हाड वाकडंच जुळलं. डाव्या हातानं पाणी भरायचा, डाव्याच हातानं लाकडं फोडायचा. "लेकावानी राह्यला. पण राग लय. गावातल्या दोघायची डोस्की फोडली त्यानं." हे सांगताना ती जरा हसली. मग म्हणाली, "पोरीचा फोटो आणला त्यानं माह्यासाठी. त्याच्या आधी घरात एकबी फोटो नव्हता तिचा. पाहाता?"

आत मातीच्या भिंतीवर, चुका मारून, माझी मुलगी लावलेली होती. तेच वर केलेले हात, तेच मोकळे केस. मी लावलेल्या रंगातला एक ठिपकाही बदललेला नव्हता. फक्त तिच्या हातांच्या वर, भिंतीवरच, चुलीतल्या कोळशानं दोन पंजे काढलेले होते. डाव्या हातानं काढलेले, ते कळत होतं. बोटं बटाट्यासारखी, अंगठे चुकीच्या बाजूला. माझ्या वर्गात त्या पंजांना मी पास केलं नसतं. पण त्यांनी तिची मनगटं धरली होती, घट्ट, आणि ती पडत नव्हती. लटकत होती, आता पुढच्या झोक्याला वर जाईल अशी. खाली कोळशानंच तिचं नाव लिहिलं होतं. या वेळी मी ते नीट वाचलं, पुन्हा पुन्हा वाचलं.

म्हातारी भिंतीला चाचपडत जवळ आली. कॅनव्हासवरच्या, माझ्या विद्यार्थिनीच्या गालावरून तिनं बोट फिरवलं. "अश्शीच होती," म्हणाली.

मग माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "तो म्हणे, म्या मनगट धरलं होतं तिचं, पण झुल्याची दोरीच तुटली. तुम्ही त्याच्या ओळखीचे. तुम्हाले सांगतलं असन. धरलं होतं न त्यानं?"

एक दाखवायचं, दुसरं समजायचं, असं मीच त्याला शिकवलं होतं.

"हो माय," मी म्हणालो. "मनगट धरलं होतं."

"लय जोर होता त्याच्या हाताले." तिचं बोट कॅनव्हासवरच्या मनगटापाशी आलं. "दुखलं असन न तिले?"

माझा डावा हात माझ्या उजव्या मनगटावर गेला होता, ते मला तेव्हा जाणवलं.

"दुखलं असेल," मी म्हणालो. "पण सोडलं नाही त्यानं."